वाहिनी बदलली म्हणजे नेमकं काय बदललं?

तुमचा प्रश्न असा की गेम शो नेटवर्क ही अमेरिकन वाहिनी, म्हणजे आताचं जीएसएन, जुने कार्यक्रम सोडून तेच ते नवे भाग दिवसभर का फिरवतं, आणि चाहत्यांनी सह्यांची मोठी मोहीम केली तर वाहिनी पुन्हा पूर्वीसारखी होईल का.

पूर्वीसारखी होणार नाही. पण म्हणून गप्प बसा असं मी म्हणणार नाही. अशा बऱ्याच मोहिमा मी जवळून पाहिल्या आहेत, दोन-तीन चालवल्याही आहेत. काही वाया गेल्या, काहींना खरोखर यश आलं. फरक सह्यांच्या संख्येत नव्हता. आपण कोणाकडे काय मागतोय हे लोकांना कळलं होतं की नाही, यात तो होता.

वाहिनी बदलली की आपण म्हणतो, ‘नवे अधिकारी आले, त्यांना यातलं काही कळत नाही.’ मीही कित्येक वर्षं हेच म्हणत होतो. नंतर लक्षात आलं की आधी एकच गोष्ट तपासायला हवी: पडद्यावर जे दिसतंय ते वाहिनीच्या मालकीचं आहे, की भाड्याने आणलेलं?

जीएसएनचाच इतिहास बघा. वाहिनी 1 डिसेंबर 1994 ला सुरू झाली. सोनी पहिल्यापासून तिच्या मालकांपैकी, त्यामुळे सोनीच्या संग्रहातले गेम शो हाताशी होते. पण प्रेक्षक ज्यासाठी यायचे ते कार्यक्रम मुख्यतः गुडसन-टॉडमन या निर्मात्या जोडीचे, आणि ते भाड्याचे. ऑक्टोबर 1997 मध्ये त्या संग्रहाचे हक्क हातातून गेले आणि रातोरात वाहिनीचा आत्माच गेल्यासारखं झालं. एप्रिल 1998 मध्ये नवा करार होईपर्यंत वाहिनी बहुतेक सोनीच्या संग्रहावर चालली. जुने चाहते त्या सहा महिन्यांना आजही ‘अंधारयुग’ म्हणतात. त्या काळात वाहिनीचं नाव तेच होतं आणि धोरणही तेच. फक्त एक करार संपला होता.

2004 चा बदल वेगळ्या जातीचा. तेव्हा नाव आखडून ‘जीएसएन’ झालं आणि ‘खेळांसाठीची वाहिनी’ अशी नवी ओळख आली. पोकर आणि ब्लॅकजॅक हे पत्त्यांचे खेळ आले. हे मात्र ठरवून केलेलं होतं. अमेरिकेतल्या केबल वाहिनीला दोन वाटांनी पैसा येतो: प्रत्येक ग्राहकामागे केबल कंपनी देते ती रक्कम, आणि जाहिराती. जाहिरातदार साधारण 18 ते 49 किंवा 25 ते 54 वयाच्या प्रेक्षकांसाठी जास्त पैसे मोजतात. पन्नासच्या दशकातले कृष्णधवल कार्यक्रम रोज बघणारा प्रेक्षक कितीही निष्ठावान असला तरी त्या हिशोबात बहुतेक वेळा बसत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, आजही वाटतं. पण राग कोणावर काढायचा हे ठरवण्याआधी हा हिशोब माहीत असलेला बरा.

एक निरीक्षण सांगतो. माझ्या आवडत्या एका वाहिनीचं वेळापत्रक मी सात-आठ वर्षं वहीत उतरवत होतो. (तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही.) प्राइम टाइम बदलला तेव्हा सगळे चिडले, पण वही चाळताना दिसलं की बदल त्याच्या दीड वर्ष आधी सुरू झाला होता, आणि तो मध्यरात्रीनंतरच्या वेळेत. आधी रात्री तीनचे जुने भाग गेले आणि तिथे पैसे देऊन दाखवल्या जाणाऱ्या लांबलचक जाहिराती आल्या. मग शनिवार-रविवारच्या सकाळी गेल्या. प्राइम टाइमला शेवटी हात लागला. कडेची वेळ विकायला लागलेली वाहिनी हक्कांवरचा खर्च कमी करत असते. लिहायचं असेल तर तेव्हाच लिहावं. मी उशिरा लिहिलं. सगळी पत्रं प्राइम टाइमबद्दल होती, आणि एकालाही नेमकं उत्तर आलं नाही.

मालकीचा मुद्दा जुन्या चित्रपटांच्या दोन वाहिन्यांमध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतो. एएमसी 1984 ची. सुरुवातीला जाहिराती नाहीत, हॉलिवूडचे जुने चित्रपट, आणि ते दुसऱ्यांकडून हक्क घेऊन. एप्रिल 1994 मध्ये टीसीएम आली. तिचा संस्थापक टेड टर्नर याने 1986 मध्ये एमजीएमचा चित्रपटसंग्रह विकत घेतला होता, त्यात वॉर्नर ब्रदर्सचे 1950 आधीचे चित्रपटही होते. म्हणजे टीसीएमला घरचीच विहीर होती, एएमसीला पाणी विकत आणावं लागत होतं. पुढे एएमसीवर जाहिराती आल्या, 2002 मध्ये तिने जुन्या चित्रपटांची ओळख सोडली आणि 2007 पासून स्वतःच्या मालिकांवर नाव कमावलं. टीसीएम आजही तेच दाखवते, चित्रपटाच्या मध्ये जाहिरात न घालता. एएमसीचे तेव्हाचे चाहते खूप दुखावले होते आणि त्यांचं दुःख खरं होतं. पण त्यांना हवी असलेली वाहिनी तोवर दुसऱ्या चॅनल क्रमांकावर सुरू होऊन आठ वर्षं झाली होती.

आता मोहिमांबद्दल. विज्ञानकथा दाखवणाऱ्या साय-फाय चॅनलने 2009 मध्ये नावाचं स्पेलिंग बदलून ‘Syfy’ केलं, उच्चार तोच ठेवून. ‘साय-फाय’ म्हणजे विज्ञानकथा, हा सगळ्यांचा शब्द, त्यावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळत नाही, हे त्यामागचं एक कारण. चाहते नावावर तुटून पडले. त्याने काहीही झालं नाही, आणि होणारही नव्हतं. पण त्याच वाहिनीने 2002 मध्ये ‘फारस्केप’ ही मालिका बंद केली तेव्हा चाहत्यांची मागणी एकच होती, गोष्ट पूर्ण करा. 2004 मध्ये दोन भागांची लघुमालिका आली आणि गोष्ट पूर्ण झाली. 2018 मध्ये त्याच वाहिनीवरची ‘द एक्सपान्स’ ही मालिका तीन हंगामांनंतर थांबवली गेली. तेव्हा चाहत्यांनी ॲमेझॉनच्या स्टुडिओवरून फलक लावलेलं विमान उडवलं. मालिकेची मालकी वाहिनीची नव्हती, निर्मात्यांची होती, म्हणूनच ती दुसरीकडे जाऊ शकली. ॲमेझॉनने पुढे तीन हंगाम केले. जी वाहिनी सोडून देत होती तिच्या दारात चाहते बसून राहिले नाहीत. जो घेऊ शकत होता त्याच्या दारात गेले.

2023 मध्ये टीसीएममध्ये कपात झाली तेव्हा स्पीलबर्ग, स्कोर्सेसी आणि पॉल थॉमस अँडरसन हे दिग्दर्शक थेट मालक कंपनीच्या प्रमुखांशी बोलले. कार्यक्रमांची निवड करणारे अनुभवी अधिकारी चार्ल्स टबेश त्यानंतर टिकले. आपल्याकडे असं वजन नाही, हे मान्य. पण जोर कुठे होता ते बघा. लोगोवर नव्हता, चित्रपट निवडणाऱ्या माणसावर होता. आज रात्री कोणता जुना भाग लावायचा आणि का, हे मनापासून ठरवणारं कोणीतरी आत असेल तर वाहिनी अर्धी वाचलेली असते.

म्हणून तुमच्या मोहिमेच्या मसुद्यातलं ‘आमची वाहिनी परत द्या’ हे वाक्य काढून टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याचं उत्तर कोणी देऊच शकत नाही. त्याऐवजी तीन कार्यक्रमांची नावं लिहा, कोणत्या वर्षांचे भाग हवेत ते लिहा, आणि पत्र हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही पाठवा. गुडसन-टॉडमनचा संग्रह आज फ्रीमँटल या निर्मिती कंपनीकडे आहे, आणि त्यांनी 2015 मध्ये ‘बझर’ ही जुन्या गेम शोंची स्वतंत्र वाहिनी काढली. तुम्ही जीएसएनवर जे शोधताय त्यातलं बरंच तिथे आहे. बघत नसाल तर आजपासून बघा. प्रेक्षक म्हणून मोजलं जाणं हेही मागणं आहे.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात जवळचं. पूर्वी व्हिडिओटेप महाग असायची, म्हणून त्याच टेपवर नवं रेकॉर्डिंग करत. ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजूषेची 1964 ते 1975 ची मूळ आवृत्ती अशीच बहुतेक पुसली गेली, मोजके भाग उरले. ते कोणतीही मोहीम परत आणू शकत नाही. तुमच्याकडे किंवा घरातल्या मोठ्यांकडे तेव्हा टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेट असतील तर कृपया टाकून देऊ नका. जुनी टेप वर्षागणिक खराब होते, त्यामुळे डिजिटल प्रत लवकर करून घ्या आणि प्रत्येकीवर वाहिनी, तारीख, कार्यक्रम लिहा. मधल्या जाहिराती कापू नका, बऱ्याचदा तारीख त्यांच्यावरूनच लागते.

तुम्हाला सगळ्यात जास्त आठवण येते ते तीन कार्यक्रम इथे लिहा. हक्क कोणाकडे आहेत ते शोधायला मी मदत करतो, आणि पत्राचा मसुदाही आपण मिळून करू.