तांडेल तुमच्या नायकाचं ऐकेल का?

ऐतिहासिक कादंबरीत आजचं माणूस मागच्या काळात पाठवायचं, असा बेत सांगणारी पत्रं या सदराकडे बरीच साठली आहेत. लिहिणारे सगळे किनाऱ्यावरचेच. मी स्वतः हर्णैची, घरातून सुवर्णदुर्ग दिसतो आणि शाळेत आयुष्यभर इतिहासच शिकवला. त्यामुळे ही पत्रं मी फार आवडीनं वाचली. त्यांतली काही इथं घेते.

प्रश्न (देवगडहून एक वाचक): माझा नायक रत्नागिरीचा, इंजिनीअरिंगला आहे. तो विजयदुर्गात 1756 मध्ये पोचतो आणि इंग्रज चालून येतायत हे तिथल्या आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्र्यांना सांगतो. आरमार वाचतं आणि पुढे इंग्रजांचं राज्यच येत नाही. मित्रांना वाचायला दिलं तर म्हणतात, पटत नाही. काय चुकतंय?

उत्तर: तुमचा नायक जी बातमी घेऊन जातो ती त्याच्या आधीच तिथं पोचलेली आहे. सुवर्णदुर्ग 1755 च्या एप्रिलात पडला. समुद्राकडून इंग्रजांचा कमोडोर जेम्स आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज, असा तो घेतला गेला. त्यानंतर विजयदुर्गाची पाळी आहे हे किनाऱ्यावरच्या पोराटोरांनाही कळत असणार. तुळाजी तर ओळखूनच होता. म्हणून तर तो पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला आणि तिथंच अडकला. इंग्रज ॲडमिरल वॉटसनची जहाजं खाडीच्या तोंडाशी आली तेव्हा तो किल्ल्यात नव्हता. म्हणजे ज्याला सावध करायचं तो माणूसच जागेवर नाही.

आणि समजा भेटला. नानासाहेब पेशवे आणि आंग्रे यांच्यात जे फाटलं होतं ते शिवायला एक मुलगा कुठून पुरा पडणार? किल्ला पेशव्यांच्या हाती लागू नये म्हणून क्लाइव्ह आपली माणसं घेऊन जमिनीवर उतरला आणि मराठी फौज आणि किल्ला यांच्या मधे जाऊन बसला. हे सगळं डाव-पेचांचं जाळं आहे. बाहेरून आलेल्या एका वाक्यानं ते सुटत नाही, आणि तुमच्या मित्रांना नेमकं हेच खटकलं असेल.

पण तुमच्या नायकाला एक गोष्ट ठाऊक आहे जी त्या दिवशी तिथं कुणालाच ठाऊक नव्हती. 12 फेब्रुवारीच्या दुपारी आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं किल्ल्याच्या आडोशाला, खाडीत एकमेकांना खेटून उभी होती. त्यांत ‘रेस्टोरेशन’ नावाचं जहाज होतं, ईस्ट इंडिया कंपनीकडूनच आंग्र्यांनी पूर्वी जिंकून घेतलेलं. इंग्रजांचा एक पेटता गोळा त्याच्यावर पडला, तिथून आग शेजारच्या जहाजावर गेली, आणि बघता बघता सबंध आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्लाही गेला. जहाजं एकमेकांपासून लांब करा, एवढंच त्या मुलानं सांगायचं आहे. तुमची कादंबरी इथं आहे, तुळाजीच्या दरबारात नाही.

आता हे तो सांगणार कुणाला? तांडेलाला, म्हणजे जहाजावरच्या खलाशांच्या म्होरक्याला. आणि तांडेल ऐकेल का? त्याच्या जागी उभं राहून बघू. इंग्रज आत शिरले ते दुपारी, समुद्रावरून येणारा खारा वारा शिडांत भरून. त्या दिवशीची तिथी काढली तर ती माघ शुद्ध एकादशी-द्वादशीच्या आसपास येते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. म्हणजे भरती सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास, आणि दुपारी अडीचच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली. लढाईला तोंड लागायच्या वेळी पाणी उतरतं आहे. वारा आत ढकलतो, पाणी बाहेर ओढतं, आणि बाहेर वॉटसनच्या तोफा आहेत. तुमच्या मुलानं “जहाजं हलवा” म्हटलं की तांडेल विचारणार, “या पाण्यात? कुठं नेऊ?” मुलाकडे उत्तर नाही. भरती-ओहोटी त्यानं भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली, तांडेलानं ती अंगावर काढलेली. शिवाय जहाजं किल्ल्याच्या तोफांखाली ठेवणं हा तांडेलाचा मूर्खपणा नाही, उभ्या आयुष्याचा अनुभव आहे. हा प्रसंग पाच-सहा पानं लिहा. घाई करू नका. मागच्या काळातली माणसं आपल्यापेक्षा कमी शहाणी धरली की अशा कादंबरीचा जीव जातो.

मी स्वतः एक नियम पाळते आणि तुम्हीही पाळावा असं मनापासून वाटतं. जिथं नोंद आहे तिथं हात लावायचा नाही, नोंदीच्या मधल्या मोकळ्या जागेत काय हवं ते करायचं. आरमार जळालं ही नोंद आहे. ते जळू दे. पण वल्ह्यांवर चालणारं एखादं लहान गलबत दुपारीच वाघोटणच्या खाडीत आत, झाडोऱ्यात गेलं असेल तर ते मोजायला कोण बसलं होतं? कुणीतरी एक तरणा खलाशी त्या मुलाचं ऐकतो, तांडेलाची शिवी खातो आणि चार माणसं घेऊन वल्ही मारत सुटतो. पुढं इंग्रज आले, प्लासी झाली, सगळं तसंच घडलं. ती चार माणसं मात्र घरी गेली. इंग्रजांचं राज्य पुसून टाकण्यापेक्षा मला हे कितीतरी मोठं वाटतं.

प्रश्न (चिपळूणहून): नायिका मागच्या काळात जाते कशी, हे शास्त्रीय भाषेत समजावून सांगायला हवं का?

उत्तर: नको. एका परिच्छेदात पाठवा आणि पुढं चला. फक्त जो नियम ठरवाल तो शेवटपर्यंत मोडू नका. सोबत काय नेता येतं, परत यायला काय लागतं, इथं तेवढा काळ थांबतो की चालू राहतो, ही तीन उत्तरं तुमच्या वहीत पक्की हवीत. वाचकाला ती सांगितलीच पाहिजेत असं नाही. भुयार आणि पडकी विहीर मात्र आता सोडा. बाजारात उभ्या उभ्या गेली तरी चालेल.

प्रश्न (मालवणहून बारावीतली विद्यार्थिनी): बाई, माझी नायिका माझ्याच वयाची आहे. ती 1664 मध्ये सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू असताना जाते. तिला विज्ञान येतं म्हणून ती आजारी माणसं बरी करते आणि सगळ्यांची लाडकी होते. तेव्हा लोक काय खात होते, घरं कशी होती तेही सांगाल का?

उत्तर: आधी खाण्याचं, कारण ते लवकर सांगून होईल. भात, नाचणी, कुळीथ, नारळ, कोकम, गूळ, ताजी आणि सुकी मासळी हे बिनधास्त लिही. मिरची पोर्तुगीजांनी आणलेली, तोवर रुळली होती. टोमॅटो आणि बटाटा तिच्या ताटात नको, आणि चहा तर अजिबात नको. काडेपेटी एकोणिसाव्या शतकातली, तेव्हा चकमक वापर. दिव्यात उंडीचं किंवा खोबऱ्याचं तेल. घरावर गवत, झावळ्या, फार तर नळीची कौलं. तुझ्या घरावर असतात ती मंगलोरी कौलं नकोत, कारण बासेल मिशननं त्यांचा कारखाना मंगळूरला काढला तोच 1865 मध्ये. किल्ल्यात गेलीस की दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी बघ. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं. तुझ्या नायिकेला पहिल्या दिवशी तहान लागू दे. तिला बिसलेरी आठवेल, आणि एखादी बाई तिच्या ओंजळीत पाणी घालील.

आता बरं करण्याचं. इथं मला तुझा बेत उलटा करावासा वाटतो. तुझ्या आजीच्या दंडावर मोठा गोल व्रण असेल, तो देवीच्या लशीचा. तुझ्या दंडावर आहे तो बीसीजीचा, क्षयाच्या लशीचा. देवीची लस तुला कुणी टोचलेली नाही. आपल्या देशात देवीचा शेवटचा रोगी 1975 मध्ये सापडला, 1980 मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं, आणि मग ती लस टोचायचं कारणच उरलं नाही. 1664 मध्ये मात्र देवी गावोगाव आहेत. म्हणजे पाथरवटांच्या त्या वस्तीत सगळ्यांत नाजूक जीव कुणाचा, तर विज्ञान शिकलेल्या तुझ्या नायिकेचा. तिला काय होतंय हे तिला कळतं, नाव माहीत आहे, विषाणू माहीत आहे, आणि हातात औषध काहीच नाही.

तिच्याजवळ कोण बसेल? तोंडावर वण असलेली तिच्याच वयाची मुलगी. तिला लहानपणी देवी येऊन गेल्या, ती जगली, आता तिला परत येत नाहीत. हे ती कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही, पण वस्तीला ठाऊक आहे, म्हणूनच तिला आत पाठवतात. या दोघींची मैत्री लिही. तुझी नायिका लाडकी व्हायला तिनं कुणाला बरं करायची गरज नाही.

मालवणी बोलीतच संवाद लिहू का, असंही तू विचारलंस. लिही. तुझ्या कानाला येते तीच बोली लिही, नकली जुनाट भाषा घडवू नकोस. सलवार-कमीज घालून, डोकं उघडं टाकून फिरणारी मुलगी लोकांना दिसली की काय होईल, एवढा विचार मात्र पहिल्याच पानावर कर.

प्रश्न (अलिबाग तालुक्यातून एक वाचक): माझे आजोबा ‘रामदास’ बोटीवर होते. आमच्याकडे त्यांचा फोटोसुद्धा नाही. मला अशी गोष्ट लिहायची आहे की नात मागे जाते आणि त्यांना बोटीत चढू देत नाही. घरात हे कुणाला सांगितलेलं नाही. असं लिहिणं बरोबर आहे का?

उत्तर: तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. 17 जुलै 1947 ला सकाळी ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि थोड्याच वेळात काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. आषाढ अमावास्येचं तोंड, पावसाळी समुद्र, मुंबईहून घराकडे निघालेली माणसं. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता.

लिहिणं बरोबरच आहे. लिहाच. पण नातीनं आजोबांना धक्क्यावरून परत फिरवावं, हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण लिखाणातल्या युक्तीचं नाही. रेवस, मांडवा, अलिबाग, पेण या बाजूला अशी घरं पुष्कळ आहेत जिथं कुणीतरी त्या बोटीवर होतं. त्यांतलं कुणी तुमची गोष्ट वाचील. नात धावत आली आणि एक माणूस वाचलं, हे वाचून त्या वाचकाच्या मनात येईल, मग आमच्या माणसाला का नाही हाक मारली? त्याचं उत्तर तुमच्या गोष्टीला देता येणार नाही. नातीनं बोटच थांबवली असं लिहिलंत तर सहाशे घरांचं दुःख तुम्ही खोटं ठरवलंत.

मग नात कशाला जाते? तुम्हीच लिहिलंय, फोटोसुद्धा नाही. ती बघायला जाते. एक दिवस आधी जाऊ दे. गिरणीच्या दारात, खोलीवर, बाजारात, जिथं ते असतील तिथं. मुलांसाठी त्यांनी काय घेतलं, पिशवी कशी बांधली, हसताना कसे दिसतात, आवाज कसा आहे. तुमच्या वडिलांचं किंवा काकांचं चालणं त्यांच्यावर गेलंय का. ती ‘आजोबा’ म्हणू शकत नाही, कारण समोरचा माणूस तिच्याहून फार मोठा नाही, तिशीतला असेल. ती त्यांना दादा म्हणेल. तो शब्द लिहिताना तुमचा हात थांबेल, थांबू द्या.

आणि ती त्यांना अडवायचा प्रयत्न करणारच, कुठलीही नात करील. तो प्रयत्न खरा लिहा. इथं तुम्हाला उपयोगी पडेल असा एक तपशील देते. मुंबईत तेव्हा घड्याळांचा एकमेळ नव्हता. प्रमाणवेळ होती आणि तिच्यापेक्षा 39 मिनिटं मागे असलेला मुंबई टाइमही होता. तो 1955 पर्यंत चालला. नातीच्या मनगटावर आजची प्रमाणवेळ. रस्त्यात ज्याला विचारावं तो वेगळी वेळ सांगतो. अजून अवकाश आहे की उशीर झाला, हेच तिला कळत नाही. धक्क्यावर ती पोचते का, पोचली तर ते ऐकतात का, हे तुम्ही ठरवा. अनोळखी पोरीच्या सांगण्यावरून घरी निघालेला माणूस परत फिरत नाही, असं मला वाटतं.

लिहायच्या आधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाशी एकदा बोला. परवानगी मागायला नाही. आजोबांना कुणीतरी पाहिलं असेल, काहीतरी सांगतील.

प्रश्न (गुहागरहून): मराठे आणि इंग्रज यांची खांदेरीची लढाई 18 ऑक्टोबर 1679 ची. मोबाइलवरच्या पंचांगात तारीख घातली तर कोजागरी जवळ आली. म्हणून लढाईच्या आदल्या रात्री चांदण्यात दूध आटवतायत, आणि माझा नायक थळच्या किनाऱ्यावर त्यांच्यात जाऊन बसतो, असा प्रसंग लिहिलाय. ठीक आहे ना?

उत्तर: प्रसंग सुंदर आहे, पण चंद्र चुकला. ती तारीख इंग्रजांच्या कागदांतली आहे आणि इंग्रज तेव्हा जुनं कॅलेंडर वापरत होते. नवं त्यांनी 1752 मध्ये घेतलं. पोर्तुगीजांनी ते 1582 मध्येच घेतलं होतं. त्यामुळे समुद्रावरच्या इंग्रजाची 18 तारीख ती चौलच्या पोर्तुगिजाची 28. तुमच्या नायकानं थळच्या माणसाला विचारलं तर तो तारीख सांगणारच नाही, तिथी सांगेल.

मोबाइल नव्या पद्धतीनं मोजतो, तेव्हा 28 घाला. आश्विन वद्य अष्टमीच्या जवळपास येईल. कोजागरी होऊन गेलेली, दिवाळी आठवड्यावर. 1756 च्या विजयदुर्गाला हा हिशेब लागत नाही, तोवर इंग्रजांनी कॅलेंडर बदललं होतं. पण शिवकाळातली इंग्रजी तारीख दिसली की दर वेळी तपासा.

दुधाचा प्रसंग काढा. त्या रात्री मध्यरात्रीपर्यंत अंधार आहे, आणि मराठी आरमाराला तो सोयीचाच आहे, कारण नागावच्या बाजूनं ते पहाटे अचानक बाहेर पडलं. तुमच्या नायकाला अंधारात नावा भरणाऱ्यांच्यात बसवा. चंद्र उशिरा उगवेल, अर्धाच, आणि पहाटे हल्ला निघेल तेव्हा डोक्यावर आलेला असेल. माणसांचे चेहरे दिसायला तेवढा उजेड पुरतो.