बीडिंगची पट्टी निघावी, रंग राहावा : वाचकांची प्रश्नोत्तरे

गाडीला हौसेने किंवा गरजेपोटी चिकटवलेल्या पट्ट्या, मोनोग्राम (गाडीच्या नावाची चिकटवलेली अक्षरे किंवा चिन्ह) आणि व्हायजर (दारांच्या काचांवर पाऊस अडवायला लावलेल्या पट्ट्या) काढण्याविषयीचे प्रश्न या वेळी अधिक आले आहेत. गाड्या वेगवेगळ्या असल्या तरी सगळ्यांची भीती एकच आहे, की पट्टीबरोबर रंगही हातात येईल.

प्रश्न : माझी पांढरी हॅचबॅक 2016 सालची आहे. खडेबाजारातल्या गर्दीत दारे घासू नयेत म्हणून गाडी घेतली तेव्हाच दोन्ही बाजूंना बीडिंग लावून घेतले होते. आता मागच्या दाराची पट्टी एका टोकाला सुटली आहे. ती धरून ओढली तर चालेल का? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : सुटलेले टोक धरून ओढण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि नेमका तोच आवरायला हवा. या पट्ट्या ज्या स्पंजासारख्या काळ्या किंवा करड्या डबल टेपेने चिकटवलेल्या असतात, तिचा स्वभाव ओळखला की पुढचे काम सोपे होते. झटका दिला की ही टेप ताठ होते आणि सगळा ताण खालच्या रंगावर टाकते. तीच हळूहळू ताणली तर स्वतः लांबत जाऊन सुटते. थंडीत ती कडक राहते, ऊब लागली की मऊ पडते. म्हणून बेळगावातल्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, पत्रा हाताला गार लागत असताना, हे काम काढू नये. भर एप्रिलच्या उन्हातही नको, कारण तेव्हा पुढे चिकटा काढायला लावायची औषधे पुसायच्या आतच वाळून जातात. सावलीत, दुपारी अकरानंतर काम सुरू करणे सर्वांत सोयीचे.

आधी गाडी धुवा, आणि पट्टीच्या वरच्या कडेला साचलेली लाल मातीची रेघ जुन्या टूथब्रशने पाणी सोडत काढा. ही पायरी पुष्कळजण गाळतात. खानापूर, जांबोटीकडे ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या बीडिंगमागे इतकी माती बसलेली असते, की ती तशीच ठेवून दोरा फिरवला तर रंगावर बारीक पॉलिशपेपर घासल्यासारखा परिणाम होतो.

मग हेअर ड्रायर. तो सुमारे वीतभर अंतरावर धरून सतत हलवत ठेवा आणि एका वेळी वीतभर पट्टीच तापवा. पत्र्यावर तळहात दोन-तीन सेकंद ठेवता यावा, त्याहून जास्त ठेववू नये, इतकी ऊब पुरे. अंशांत सांगायचे तर 50 ते 60. घरी हीट गन असेल तर ती या कामाला वापरू नका, असेच मी सांगेन. साध्या हीट गनची दुसरी पायरी 500 अंशांच्या आसपास जाते आणि एका जागी चार-पाच सेकंद रेंगाळली तरी रंगाला फोड येऊ शकतो.

पट्टी तापली की तिच्या व पत्र्याच्या मधून दोरा करवतीसारखा मागेपुढे ओढत न्यायचा. मासे पकडायचा तंगूस यासाठी उत्तम. त्याची टोके दोन लाकडी तुकड्यांना गुंडाळली म्हणजे बोटे कापत नाहीत. पट्टीच्या वर आणि खाली रंगावर मास्किंग टेप लावून घ्या आणि दोरा रंगाकडे न दाबता पट्टीकडे दाबून धरा. दोरा नीट चालू लागला की खोडरबराच्या कचऱ्यासारखे काळे कण खाली गळू लागतात. ते दिसले म्हणजे टेपेचा स्पंज मधोमध कापला जातो आहे. टेपेचा अर्धा थर रंगावर राहील, तो राहू द्या. त्याचा समाचार नंतर घेता येतो. दोरा अडला तर जोर न लावता पुन्हा ऊब द्या. सुटलेला भाग दुसऱ्या माणसाने अलगद धरून ठेवावा, कारण लोंबकळणारी पट्टी हेलकावली की तिची कड दारावर ओरखडा काढते.

बेळगावच्या उद्यमबागेत गाड्यांचे काम सुरू केले त्या पहिल्या वर्षी मी घाईने पुट्टी लावायची लोखंडी पत्री कापडात गुंडाळून टेपेखाली सारली होती. कापड फाटले, पत्रीचा कोपरा वीतभर रेघ ओढून गेला आणि ते दार मला पदरमोड करून रंगवून द्यावे लागले. त्यानंतर रंगाच्या कामात मी लोखंड जवळ ठेवत नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरहून जुनी गाडी घेतली. डिकीवरचा मोनोग्राम एका गॅरेजमध्ये काढून घेतला, तर त्याच्याबरोबर रुपयाएवढा रंग थेट प्रायमरपर्यंत निघाला. गॅरेजवाले म्हणतात, टेप जास्त चिकट होती. हे खरे आहे का? (निपाणी)

उत्तर : अर्धेच खरे आहे. टेप चिकट असतेच, पण कारखान्यात दिलेला रंग पत्र्याला त्याहून घट्ट धरून असतो. कारखान्यात वरचा रंग आणि लॅकर, म्हणजे त्यावरचा पारदर्शक थर, साधारण 130 ते 140 अंशांच्या भट्टीत पक्का केला जातो. सगळे थर मिळून जाडी 100 ते 150 मायक्रॉनच्या घरात भरते, म्हणजे जेमतेम दोन केसांएवढी. तरीही हा रंग ऊब देऊन सावकाश काढलेल्या टेपेबरोबर सहसा येत नाही. अपघातानंतर गॅरेजमध्ये दिलेल्या रंगाची गोष्ट वेगळी. तयार गाडीतले प्लास्टिक, वायरिंग आणि काचा सांभाळायच्या असल्यामुळे तो रंग फार तर 60 अंशांच्या आसपास तापवून वाळवतात, आणि लहान गॅरेजांत तर उन्हातच. त्यात जुना रंग पुरेसा घासून खरबरीत न करता त्यावर नवा मारला असेल, तर दोन थरांमधली पकड पहिल्या दिवसापासून कच्ची असते.

आपल्या डिकीवर तसेच झालेले दिसते. मोनोग्राम काढण्याने तो दोष उघड झाला, निर्माण झाला नाही. गॅरेजवाल्यांची चूक इतकीच, की हात लावण्यापूर्वी त्यांनी तपासून आपल्याला कल्पना द्यायला हवी होती.

ही तपासणी अवघड नाही. दाराच्या आणि डिकीच्या आतल्या कडांवर बोट फिरवून पाहा. मास्किंग टेपेची उंचवट्यासारखी रेघ लागली, रबरावर रंगाचे तुषार दिसले किंवा बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग पान्याने उडालेला असला, तर तो भाग बहुधा पुन्हा रंगवलेला असतो. पातळ चुंबक ज्या ठिकाणी नीट धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे असे समजावे. डिटेलिंगच्या दुकानांत रंगाची जाडी मोजायचे यंत्र असते; त्यावर एका दाराचा आकडा 120 मायक्रॉन आणि शेजारच्या दाराचा 280 आला तर ते दुसरे दार पुन्हा रंगवलेले आहे, पुढे बोलायची गरज उरत नाही. अशा भागावरचा मोनोग्राम अडचण करत नसेल तर तसाच राहू द्यावा, हा माझा सल्ला. काढायचाच असेल तर ऊब कमी, दोरा मोनोग्रामला घासून, आणि शेवटचा कणही कापूनच काढायचा, उपटायचा नाही.

बंपरलाही हाच नियम लावा. तो प्लास्टिकचा असतो, उष्णतेने लवकर वाकतो आणि त्यावरचा रंग पत्र्यावरच्या इतका भक्कम नसतो.

प्रश्न : पावसाळ्यात व्हायजरच्या आत शेवाळ धरते म्हणून चारही व्हायजर काढले, पण दारांवर चिकटा राहिला. थिनरने पुसला तर तिथे पांढुरका डाग पडला. आता काय करावे? (खानापूर)

उत्तर : थिनर प्रथम बाजूला ठेवा. कारखान्याचा रंग तो थोडा वेळ सोसतो, पण पुन्हा दिलेला रंग, काचेभोवतीचे रबर आणि दाराच्या चौकटीचे काळे प्लास्टिक यांना तो सोसत नाही. पांढुरका डाग काळ्या प्लास्टिकवर असेल तर ते बहुतेक कायमचे खराब झाले आहे. लॅकरवर असेल आणि नुसतीच चमक गेली असेल, तर बारीक पॉलिशने तो पुष्कळसा जातो.

चिकट्यासाठी अगोदर अंगठा वापरा. ड्रायरची ऊब देऊन अंगठ्याने चिकटा लोटत गेलात, की त्याच्या वळ्या होतात आणि त्या गोळ्याला उरलेला चिकटा आपोआप धरतो. राहील त्यावर निलगिरीच्या तेलात भिजवलेले कापड पाच मिनिटे ठेवावे आणि मऊ पडलेला चिकटा प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने सारावा. रॉकेलही चालते, मात्र सावकाश काम करते. शेवटी शाम्पूने धुऊन तेलकटपणा काढून टाका. पहिला प्रयोग दिसणार नाही अशा कोपऱ्यावर करावा. तेच व्हायजर पुन्हा लावायचे असतील तर त्यांना पेट्रोल किंवा स्पिरिट लावू नका, कारण अॅक्रिलिकला त्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. आणि पेट्रोल, रॉकेल किंवा निलगिरी लावलेल्या जागी ड्रायर कधीही चालवायचा नाही. आधी ऊब, मग तेल, हा क्रम उलटला तर भडका उडू शकतो.

प्रश्न : पट्टी सुखरूप निघाली, पण तिची सावली दारावर तशीच दिसते. (चिकोडी)

उत्तर : पट्टीखालचा रंग ऊन न लागल्यामुळे मूळचाच राहिला आहे आणि भोवतालचा उडाला आहे, म्हणून उपचार सावलीवर नसून भोवतालच्या रंगावर करायचा असतो. संपूर्ण दार बारीक कंपाउंडने (रंग घासायच्या लेपाने) आणि नंतर पॉलिशने घ्यावे. लॅकरचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असल्यामुळे हे काम वारंवार करण्यासारखे नाही. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीत फरक बहुधा मिटतो. लाल गाडीत, विशेषतः साध्या लाल रंगात, थोडा फरक राहील हे धरूनच चला.

प्रश्न : डिकीवरची रुंद क्रोमची पट्टी दोरा फिरवूनही हलत नाही. (गोकाक)

उत्तर : थांबा. कारखान्यातून आलेल्या अशा पट्ट्या बऱ्याचदा टेपेबरोबर खिळ्यांसारख्या पिनांनी किंवा क्लिपांनीही बसवलेल्या असतात आणि पत्र्याला त्यासाठी भोके असतात. डिकीच्या आतले आवरण उतरवून मागून पाहा. पिना असतील तर नट किंवा क्लिप आतून सोडवावी लागते, आणि पट्टी काढल्यावर भोके उघडी पडतात. ती बुजवून रंगवण्याची तयारी नसेल तर पट्टी राहू देणेच बरे. नाहीतर पहिल्याच पावसात डिकीत पाणी येईल आणि भोकाच्या कडेला गंज धरेल.

प्रश्न : मागच्या काचेवरचे राजमुद्रेचे स्टिकर उन्हाने फाटले आहे. शिवजयंतीपूर्वी ते काढून नवे लावायचे आहे. ब्लेड वापरावे का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : स्टिकर काचेच्या बाहेरून असेल तर वापरता येईल. साबणाच्या पाण्याने काच सतत ओली ठेवा, ब्लेड कोरे असू द्या आणि काचेशी जवळजवळ आडवे धरून एकाच दिशेने सरकवा. ब्लेड काचेपुरतेच, खालच्या रबराला आणि रंगाला ते लागू देऊ नये. स्टिकर आतून असेल तर मात्र ब्लेड नको. मागच्या काचेवरच्या तांबूस आडव्या रेघा धुके घालवण्यासाठी असतात, त्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात आणि एक रेघ तुटली की तेवढा पट्टा पुन्हा तापत नाही. तिथे ओले फडके अर्धा तास चिकटवून ठेवावे, मग ड्रायरची ऊब देऊन स्टिकरचा कोपरा नखाने उचलावा आणि रेघांच्या दिशेने, आडवेच, सावकाश सोलत न्यावे. नवे स्टिकर बाहेरून लावा.