हात आधी आरएलकडे (रिंगर लॅक्टेट सलाइन) जाऊ दे
नाशिकला आयसीयूत नवीन रुजू झालायस म्हणून सांगतो. सेप्सिसचा, म्हणजे गंभीर जंतुसंसर्गाचा, पेशंट बीपी पडून आला की सवयीने एनएस (नॉर्मल सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी) लावलं जातं. त्यात क्लोराइड लिटरला 154 मिलिमोल, रक्तात साधारण 100. तीन-चार लिटर गेलं की अ‍ॅसिडोसिसमध्ये (रक्तातलं आम्ल वाढणं) आपणच भर घालतो. आरएलमधल्या पोटॅशियमला लोक उगाच घाबरतात. ते लिटरला जेमतेम 4 मिलिमोल. फक्त त्याच लाइनमधून सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक देऊ नकोस. हायवेवरून डोक्याला मार लागून आलेल्याला मात्र एनएसच, अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचं सलाइन) नको. स्टार्चचं सलाइन तर विसरच. सेप्सिसमध्ये वजनाच्या किलोला 30 मिली सलाइन हा फक्त सुरुवातीचा आकडा; दर 500 मिलीनंतर फुप्फुसं ऐक, पाय उचलून बीपी बघ. डेंग्यूत तर आणखी जपून. आणि नॉरअ‍ॅड (बीपी वाढवणारं औषध) सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेतली नळी) अडवून ठेवू नकोस, हाताच्या शिरेतल्या चांगल्या पेरिफेरल लाइनवर सुरू कर.