मंडळीच्या (चर्चच्या) सेवेत नव्याने येणाऱ्यास

"मला काहीच येत नाही, मग मंडळीत मी कोणते काम करू?" हा आपला प्रश्न रास्त आहे, परंतु आपल्याला काय येते, हे काम हाती घेतल्याखेरीज कळत नाही. आरंभी सतरंज्या अंथरणे, गीतांची पुस्तके वाटणे किंवा संडे स्कूलमध्ये मदतनीस होणे, यांपैकी एकच काम निवडावे आणि ते तीन महिने न चुकता करावे. मीही पुस्तके वाटण्यापासूनच सुरुवात केली. एका रविवारी पेटीवाले आले नाहीत म्हणून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे एक भजन मला बिनसाथीचे सुरू करावे लागले आणि आपला आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो, हे मला ऐन चाळिशीत समजले.

नवख्यांच्या चुका दोनच सांगतो:

- नाताळच्या उत्साहात चार समित्यांवर नाव देणे आणि जानेवारीत कोठेच न दिसणे.
- शास्त्रपाठासाठी, म्हणजे उपासनेत बायबलचा उतारा वाचण्यासाठी, तयारीविना उभे राहणे. उतारा आदल्या रात्री घरी मोठ्याने वाचावा. बायबलमधला बाबेलचा राजा 'नबुखद्नेस्सर' पहिल्यांदाच व्यासपीठावर भेटला, तर भल्याभल्यांची जीभ अडखळते.

उपदेश, नेतृत्व वगैरेंचा विचार तूर्त नको. येत्या रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी येऊन पाळकसाहेबांना भेटावे.