७४ व्या वर्षी किडनीची बायोप्सी: रिपोर्टमधलं वय कुठलं, आजार कुठला?

प्रश्न: माझे बाबा ७४ वर्षांचे, आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे राहतो. दोन महिन्यांपासून थकवा, भूक नाही, लघवी काळ्या चहासारखी, आणि क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) दीड महिन्यात १.३ वरून ४.१ वर गेलं. गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या खायचे म्हणून सगळे म्हणून राहिले की गोळ्यांनीच किडनी गेली, आता या वयात कशाला त्रास देता. तरी बायोप्सी केली. रिपोर्ट असा: १४ ग्लोमेरुलाय, ३ ग्लोबली स्क्लेरोज्ड, ५ मध्ये सेल्युलर क्रेसेंट, इम्युनोफ्लुरोसन्स निगेटिव्ह, रक्तात एमपीओ ॲन्का पॉझिटिव्ह. स्क्लेरोज्ड म्हणजे किडनी वाळली ना? मग औषध देऊन उपयोग काय?

उत्तर: तुम्ही सगळे नेमके चुकीच्या शब्दावर अडकलात! ग्लोमेरुलस म्हणजे रक्त गाळणारा बारीक गुच्छ, एकेका किडनीत असे लाखो असतात, आणि वय वाढलं की त्यातले काही आपोआप वाळतात, आजार असो नसो. डॉक्टर लोक एक ढोबळ हिशेब करतात, वयाचे निम्मे करून त्यातून १० वजा करायचे, म्हणजे ७४ ला २७ टक्क्यांपर्यंत वाळलेले असले तर ते वयाच्या खात्यात टाकता येतं. तुमच्या बाबांचे १४ पैकी ३, म्हणजे २१ टक्के. तिथे रडण्यासारखं काही नाही.

खरी बातमी आहे ते ५ क्रेसेंट. गुच्छाच्या नाजूक भिंती फाटतात, बाहेर पेशी जमून चंद्रकोरीसारखा थर होतो आणि गुच्छ दाबला जातो. इम्युनोफ्लुरोसन्स (गुच्छात अँटिबॉडी साचल्यात का ते बघणारी तपासणी) निगेटिव्ह आणि ॲन्का (स्वतःच्याच पांढऱ्या पेशींविरुद्धची अँटिबॉडी, एमपीओ हा तिचा एक प्रकार) पॉझिटिव्ह म्हणजे हा ॲन्का व्हॅस्क्युलायटिस, रक्तवाहिन्यांवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटते. आणि हा म्हाताऱ्या माणसांमध्ये अजिबात दुर्मीळ नाही, उतारवयात क्रिएटिनिन झपाट्याने चढलं म्हणून बायोप्सी केली तर सापडणाऱ्या मोठ्या कारणांपैकी हे एक. दुखण्याच्या गोळ्या किडनीला वाईट हे खरंच, त्या बंदच ठेवा, पण गोळ्यांचं नुकसान बहुतेक वेळा वेगळं दिसतं, किडनीतल्या बारीक नळ्यांच्या आजूबाजूला सूज वगैरे, चंद्रकोरी नाही. बायोप्सी केली नसती तर सगळा दोष गुडघ्याच्या गोळीवर टाकून घरचे गप्प बसले असते.

‘सेल्युलर’ हा शब्द दिलासा देणारा आहे. म्हणजे थर ताजा आहे, अजून त्याचा चट्टा (फायब्रस) झालेला नाही, औषधाने उतरू शकतो. स्टेरॉइड सोबत सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब देतात, सायक्लोफॉस्फामाइडचा डोस वय आणि किडनीचं काम बघून कमी ठेवतात. या वयात खरी भीती इन्फेक्शनची, त्यामुळे न्यूमोनिया टाळायची गोळी सोबत द्यायची का, लसी कधी घ्यायच्या हे नेफ्रोलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरला) स्वतःहून विचारा. खोकल्यातून रक्त आलं किंवा दम लागला तर ओपीडीची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या, हा आजार फुप्फुसातही जातो. आणि ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे अजिबात नको, इथे दिवस मोजावे लागतात. खर्चाचं टेन्शन असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

प्रश्न: आईला २० वर्षांपासून शुगर, डोळ्याच्या पडद्यावरही परिणाम झालाय, लघवीतलं प्रोटीन हळूहळू वाढून राहिलं. तिचीही बायोप्सी करावी का?

उत्तर: बहुतेक नाही. डोळ्यात बदल, वाढ हळूहळू, हे शुगरच्या किडनीचं नेहमीचं चित्र आहे, सुई टोचून नवीन काही कळणार नाही. पण प्रोटीन एकदम वाढलं, लघवीत रक्त दिसलं, किंवा क्रिएटिनिन काही आठवड्यांत दुप्पट झालं तर मग करावी. करायची ठरली तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी डॉक्टरला आधी दाखवा, काही गोळ्या ५ ते ७ दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण हार्टमध्ये स्टेंट असेल तर घरच्या घरी त्या बंद करू नका.