मधलं नाव बाबाचं, रोझ, की आजीचं?

मार्चमध्ये तुम्हाला मुलगी होतेय, गार्गी की मुक्ता ठरत नाहीये, आणि सासरचे म्हणतात मधे बाबाचंच नाव हवं, तर तुम्हाला इथल्या इंग्रजांसारखं रोझ किंवा ग्रेस बरं वाटतंय. आमच्या दोघी मुली इथे इंग्लंडात, रेडिंगलाच जन्मल्या, त्यामुळे हा घोळ दोनदा घालून झालाय.

थोरलीला आम्ही रीतसर वडिलांचं नाव लावलं. इरा प्रशांत, पुढे आडनाव. तिसरीत बक्षीस घेताना बाईंनी पूर्ण नाव वाचलं आणि वर्गातला एक गुजराती मुलगा ओरडला, "प्रशांत तर माझे काका!" बोर्डिंग पासवर ती आजही 'इराप्रशांत' असते. सलग.

इथे मधलं नाव म्हणजे बाप कोण याचा पत्ता नव्हे. ते मुलीचंच दुसरं नाव. पासपोर्टवर दोन्ही एकाच ओळीत येतात, वेगळा रकाना नाही. हवं तर ती उद्या दुसऱ्याच नावाने वावरेल. इथले माजी पंतप्रधानच बघा, गॉर्डन ब्राउनचं पहिलं नाव जेम्स, बोरिस जॉन्सनचं अलेक्झांडर! बाबाचं नाव जन्मदाखल्यावर त्याच्या स्वतःच्या रकान्यात असतंच, हे सासऱ्यांना दाखवा. तरी ऐकलं नाही तर सांगा, महाराष्ट्रातसुद्धा १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बापाच्या आधी आईचं नाव लागतं.

रोझ, ग्रेस, मे, जेन ही नावं इंग्रजांत मधे बसतात कारण ती एका झटक्यात संपतात. ऑलिव्हिया, अमेलिया अशा लांब नावानंतर कानाला बरी वाटतात. गार्गी रोझ वाईट नाही, पण मला ते उसनं वाटतं. त्यापेक्षा जुई घ्या. तेही फूलच, आणि तितकंच छोटं. धाकटीला आम्ही माझ्या आजीचं 'सुमन' दिलं. आता घरात तिला सगळे सुमीच म्हणतात, पहिलं नाव फक्त शाळेला.

आता पहिलं नाव. मुक्ताचं इंग्रजी स्पेलिंग 'मक'ने सुरू होतं, आणि मक म्हणजे घाण. पोरं सोडणार नाहीत. पूजाचंही तेच, इंग्रजीत 'पू' म्हणजे बाळांच्या लंगोटातलं. अदिती 'अडीटी' होते, ते चालवून घ्यायचं. गार्गी एकदा कॉफीच्या दुकानात सांगून बघा. माझ्या भाचीच्या कपावर 'जॉर्जी' लिहून आलं होतं. तरी मी गार्गीच निवडेन. चूक दुरुस्त करता येते, चिडवणं नाही. आद्याक्षरंही एकदा जोडून बघा. पल्लवी इंद्रजित गोखले कागदावर चांगलं दिसतं, इंग्रजीत डुक्कर होतं.

घाई करू नका. इंग्लंड-वेल्समध्ये नोंदणीला ४२ दिवस मिळतात (स्कॉटलंडमध्ये २१), म्हणजे बाराव्या दिवशी बारसं करून मग गेलात तरी चालतं. आमच्या आत्याबाई नागपूरला होत्या, त्यांनी व्हिडिओ कॉलवर 'कुर्रर्र' केलं आणि फोन बाळाच्या कानाला लावला. नोंदणीनंतरही वर्षभरात पहिलं किंवा मधलं नाव बदलता येतं, पण पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) काढायच्या आधी बदला. नाहीतर ते सगळं परत, आणि फी परत.