कोंबडी-बदकांच्या जीनोममध्ये करिअर? आधी गणिताचं बोलू

जांबोटी भागातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

‘मुलगी बेळगावात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला), पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र). दहावीपर्यंत मराठी माध्यम. घरी पंचवीसेक गावठी कोंबड्या आहेत, त्यांचं सगळं तीच बघते. आता म्हणते, कोंबडी, बदक, टर्की यांचे जीनोम ताडून बघायचं शास्त्र असतं, मला तेच करायचंय. आम्हाला काही कळेना. भावकीतले हसतात, एवढं शिकून कोंबड्याच राखणार काय म्हणून. तिचा मामा शहापुरात असतो, तो म्हणतो व्हेटर्नरी कर. गणित तिला जड जातंय. पीयूसीनंतर गणित नसलेली डिग्री घ्यावी काय? आणि महाराष्ट्रात धाडावं की इथंच ठेवावं?’

सप्रेम नमस्कार,

भावकीचं आधी. बर्ड फ्लू आला की कोंबड्या खुराड्यात पटापट मरतात आणि बदकं बऱ्याचदा तोच विषाणू अंगात घेऊन निवांत पोहत असतात. असं का? या प्रश्नाचा एक मोठा धागा दोघांचे जीनोम, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक माहितीचा सगळा मजकूर, शेजारी ठेवल्यावरच हाती लागला. विषाणू पेशीत शिरला की त्याची चाहूल घेणारं ‘रिग-आय’ नावाचं एक जनुक आहे. बदकात ते सापडतं, कोंबडीत सापडत नाही. २०१० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बदकाचं हे जनुक कोंबडीच्या पेशींत घातलं, तेव्हा त्या पेशी विषाणूला जास्त नेटानं अडवू लागल्या. सगळं उत्तर यातच आहे असं नव्हे, काही विषाणू बदकांनाही मारतात. पण २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते आठवत असेल, तर कोंबड्यांच्या या अभ्यासाला हसायचं कारण उरत नाही.

आता तुमच्या अंगणातलं. तुमच्या कोंबड्यांत काहींचे पाय पिवळे असतील, काहींचे पांढरट किंवा काळपट. पाळीव कोंबडी आली ती मुख्यतः आग्नेय आशियातल्या लाल रानकोंबड्यापासून. डार्विनचं मत तर असं होतं की तो एकटाच तिचा पूर्वज. पण २००८ मध्ये जनुकं ताडून पाहिली, तेव्हा पिवळ्या कातडीचं जनुक लाल रानकोंबड्याचं निघालं नाही, ते करड्या रानकोंबड्याकडून आलेलं निघालं. म्हणजे जांबोटी-कणकुंबीच्या रानात पहाटे ओरडतो त्याच जातीचा. मका आणि हिरव्या चाऱ्यातला पिवळा रंग मोडून टाकणारं हे जनुक त्या कोंबड्यांच्या कातडीत मंद चालतं, म्हणून रंग साठत राहतो. (मुलगी उत्साहात आहे म्हणून सांगतो, रानकोंबडा पकडून आणायचा नाही. कायद्यानं गुन्हा आहे.)

हे वाचून तिचे डोळे चमकतील, मला ठाऊक आहे. म्हणूनच लगेच दुसरी बाजू सांगतो, कारण पत्रात ती कुठंच दिसली नाही. या कामात कोंबडी फार कमी दिसते. रक्ताचा थेंब घेतला की पुढचे सहा महिने समोर असतो संगणक. कोंबडीच्या जीनोममध्ये सुमारे शंभर कोटी अक्षरं आहेत, माणसाच्या साधारण एक तृतीयांश. कोंबडीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या, टर्कीत आणि बदकात ४०. त्यातली बरीचशी इतकी बारीक की सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यासारखी दिसतात, पण जनुकांची गर्दी त्यांच्यातच. कोंबडीचा जीनोम २००४ मध्ये वाचून झाला, टर्कीचा २०१० मध्ये, बदकाचा २०१३ मध्ये. एवढी अक्षरं डोळ्यांनी ताडता येत नाहीत. त्यासाठी प्रोग्रॅम लिहावा लागतो, आणि आलेला फरक खरा की योगायोगाचा हे ठरवायला संख्याशास्त्र लागतं.

त्यातही चकवे असतात. एखादं जनुक सापडलं नाही म्हणजे ते नाहीच, असं म्हणता येत नाही. भूक आवरणारं लेप्टिन पक्ष्यांत आहे की नाही यावर कित्येक वर्षं वाद चालला. शेवटी ते सापडलं. वाचायला अवघड अशा भागात दडून बसलं होतं. असली चिकाटी ज्याला गोड लागते, त्याचं हे काम.

तेव्हा गणित सोडायचं काय, याला माझं उत्तर साफ ‘नाही’ आहे. मी स्वतः पीयूसीनंतर गणिताला रामराम केला आणि एम.एस्सी.च्या वयात संख्याशास्त्राचा पहिला धडा गिरवत बसलो. हे दुःख तिच्या वाट्याला येऊ नये. एक विचारतो, गणित जड जातंय की इंग्रजीतलं गणित जड जातंय? मराठी शाळेतून पीयूला गेलेल्या आपल्या पोरांचं पहिलं वर्ष शब्द समजण्यातच जातं. तसं असेल तर दहावीचं मराठी पुस्तक शेजारी ठेवून संज्ञा जुळवायला सांगा, दोन महिन्यांत फरक पडतो.

मामांचा सल्ला चुकीचा नाही. व्हेटर्नरीची पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुढं पशुआनुवंशिकीत एम.व्ही.एस्सी. करून ती याच विषयात येऊ शकते. हैदराबादला कुक्कुट संशोधनाची आणि कर्नालला देशी जनावरांच्या वाणांची राष्ट्रीय संस्था आहे, तिथं अशी माणसं लागतात. पोटापाण्याला हा रस्ता भक्कम. फक्त त्यात गायी-म्हशींचं बाळंतपण, रात्री-अपरात्रीच्या हाका हेही येतं. तिला ते आवडेल का, हे मामांना नव्हे, तिलाच विचारा.

दुसरा रस्ता बी.एस्सी.चा. प्राणिशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजीबरोबर गणित, संख्याशास्त्र किंवा संगणक मिळेल असं कॉलेज शोधा. पुढं पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्सची (संगणकानं जीवशास्त्रातली माहिती ताडण्याचं शास्त्र) एम.एस्सी. आहे, बेंगळुरूतही या विषयाला वाहिलेली संस्था आहे, धारवाडला बायोटेक्नॉलॉजी आहे. पुण्याच्या आयसरची (विज्ञान शिक्षण-संशोधनाची केंद्रीय संस्था) वेगळी प्रवेशपरीक्षा असते, तीही देऊन बघावी. मी तिच्या जागी असतो तर हाच रस्ता धरला असता.

पण पैशाचं स्पष्ट बोलतो. एम.एस्सी.वर चांगली नोकरी मिळेल असं गृहीत धरू नका, पीएच.डी. धरूनच चला. म्हणजे आजपासून दहाएक वर्षं. नेट ही राष्ट्रीय परीक्षा काढून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७ हजार आणि घरभाडं, त्यात मुलगी स्वतःचं भागवते. घरी मात्र तोवर पाठवू शकेलच असं नाही. धाकट्या भावंडांचं शिक्षण तिच्या पगारावर अवलंबून असेल तर व्हेटर्नरीच बरी, आणि त्यात कमीपणा काही नाही.

महाराष्ट्र की इथं? भावनेनं ठरवू नका. तिचं शिक्षण इथंच झालंय, त्यामुळं सीईटीत ती कर्नाटकची उमेदवार ठरते. सात वर्षं शिकल्याचा दाखला बीईओंच्या (गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या) सहीनं आत्ताच करून ठेवा, जूनमध्ये सगळ्यांचीच धावपळ असते. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशाला सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी सोय आहे. बायोटेक्नॉलॉजीची इंजिनिअरिंग पदवी मनात असेल तर तुमचं गाव त्या यादीत आहे का बघा. व्हेटर्नरीसाठी दोन्ही राज्यांच्या यंदाच्या प्रवेशपुस्तिका स्वतः वाचा. नियम बदलत असतात, कट्ट्यावरच्या माहितीवर विसंबू नका.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. परीक्षा संपली की तिला आठवडाभर मामांकडं ठेवा, तिथं नेटवर्क तरी धड मिळेल. ‘एन्सेम्बल’ नावाच्या संकेतस्थळावर या सगळ्या पक्ष्यांचे जीनोम फुकट बघता येतात. तिनं बदकाचं रिग-आय शोधावं. मग त्याच्या दोन्ही बाजूंची शेजारची जनुकं कोणती ते वहीत लिहावं, आणि तेच शेजारी कोंबडीत शोधून त्यांच्यामध्ये काय आहे ते बघावं. सगळं इंग्रजीत आहे, पहिले दोन दिवस डोकं दुखेल. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून परत बसली तर मला कळवा, पुढचं बोलू. बसली नाही तरी कळवा. मग तिला मी वेगळंच विचारीन: गावठी कोंबडी खुडूक बसते आणि अंड्यांसाठीची पांढरी लेगहॉर्न सहसा बसत नाही, यातलं तिला बघायला काय आवडतं, आकडे की कोंबडी?